रंगावर न आलेली चार पानं

विश्वामित्री नदीचं पाणी किती फुटांवर आलं हे आता फोनवरच कळतं. भाद्रपद लागला की आमच्या सोसायटीतल्या बायका भाजी निवडता निवडता आकडा वाचतात. तो वाढला की कुणीतरी म्हणतंच, "या वेळी पण मगर पार्किंगमध्ये झोपायला येणार." मग सगळ्या हसतात. आमच्या तरसालीत नदी पोचत नाही, म्हणून हसता येतं. मला मात्र आकडा ऐकला की एक डबी आठवते. गोळ्या ठेवायची असते तशी, बारा खणांची, पारदर्शक झाकणाची.

आज सकाळी बाजारात तेरडा दिसला. मुळांसकट, मुळांना ओली माती. दोन जुड्या घेतल्या, पाण्यात उभ्या केल्या आणि ही वही काढली. माझ्या मुलाच्या, मंदारच्या शाळेतली आहे. पुढे त्याची गणितं, मागची पानं कोरी. बोलायला जे जमत नाही ते मी मागून लिहीत येते. त्याच्या गणितांपर्यंत पोचायला अजून बरीच पानं आहेत.

माझे बाबा सोनार होते. दुकान नव्हतं. घराच्या पुढच्या खोलीत शेगडी, ऐरण, दोन-चार मुशी आणि खिडकीत तेजाबाची बरणी. जुने मोडके दागिने आटवून सोनं शुद्ध करून द्यायचं, हे त्यांचं काम. मला ते काम नेहमी उलटं वाटायचं. सोनं शुद्ध करायचं तर आधी त्यात आणखी चांदी घालायची, सोन्याच्या तिप्पट. मग ठोकून ठोकून कागदासारखी पट्टी करायची आणि तेजाबात सोडायची. लालसर धूर उठायचा. बाबा तोंडाला उपरणं लावून खिडकीकडे मान वळवायचे. चांदी विरघळून जायची आणि तळाशी जे राहायचं ते मातकट, तपकिरी, चहाच्या चोथ्यासारखं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, सोनं मेलं.

आई गेली तेव्हा मी चौथीत होते. पाचवीत मी गेले नाही. माझी बोटं बारीक होती आणि हात हलत नसे, म्हणून पुढचं काम माझ्याकडे आलं. तो चोथा पाण्यानं सात वेळा धुवायचा, मुशीत घालायचा आणि निखाऱ्यावर धरायचा. मूस लाल होत आली की एका क्षणी तो मातकटपणा आतल्या आत फिरायचा आणि पिवळं दिसू लागायचं. याला बाबा ‘रंगावर आणणं’ म्हणत. त्या वेळी तोंडातून शब्द काढायचा नाही. सोन्याचं पातळ पान जवळ असताना कुणी बोललं, हसलं, तरी ते उडतं. "बोललीस की पान उडालं," बाबा एवढंच म्हणत. मी बोलेनाशी झाले. पुढे सासरी सगळे म्हणायचे, सून सोशिक आहे. सोशिक वगैरे काही नव्हते. सवय होती.

आमच्याकडे गौरीपुढे सोनं ठेवत, पण उजळलेलंच. बाबांचा नियम होता. "न उजळलेलं सोनं म्हणजे अर्धवट न्हाऊ घातलेलं लेकरू," ते म्हणायचे. "असं लेकरू कुणी पाहुण्यांपुढे आणतं का?"

हेतल आमच्या घरात आली तेव्हा तिचं शिकणं संपलेलं नव्हतं. मंदारनं आधीच सांगून ठेवलं होतं, "आई, ती लग्नानंतरही लॅबमध्ये जाणार. सोन्यावर काम करते."

"सोनाराची आहे?" मी विचारलं. तो कितीतरी वेळ हसत होता.

मुलगी गुजराती. माहेर नदीच्या पलीकडच्या अंगाला. पहिल्या दिवसापासून मला मम्मी म्हणते. मराठी छान बोलते, पण वाक्याच्या टोकाला तिचं ‘ने’ लटकतंच. एका दुपारी आम्ही दोघी वाटाणे सोलत होतो. ती म्हणाली, "मम्मी, मी रोज काय करते ते कोणी विचारतच नाही ने."

मी तिच्याकडे पाहिलं. माझं पाहणं म्हणजे विचारणं, हे तिला तोवर कळलं होतं. ती सांगू लागली. सोनं-चांदीची पातळ पट्टी घ्यायची. तेजाबात घालायची. चांदी निघून जाते आणि सोन्यात भोकंच भोकं उरतात, डोळ्याला दिसणार नाहीत इतकी बारीक.

माझ्या हातातली शेंग तशीच राहिली. "मग धुता का?"

"धुतो ने. खूप वेळा."

"सात?"

आता ती माझ्याकडे बघत राहिली. मी बाबांचं थोडंसं सांगितलं. दुसऱ्या दिवशी तिनं ते तिच्या सरांना सांगितलं आणि घरी येऊन म्हणाली, "सर बोलावतात तुम्हाला, लॅब बघायला." मी गेले नाही. मोठ्या लोकांत जाऊन मी काय बोलणार?

पण त्या दुपारी मी विचारलं खरं, की या भोकं पडलेल्या सोन्याचा उपयोग काय. ती म्हणाली, गाडीच्या, कोळशाच्या धुरात एक वायू असतो. दिसत नाही, वास येत नाही, बंद खोलीत माणूस झोपेतच जातो. तो वायू या भोकांत शिरला आणि भिंतीला टेकला, की तिथे हवेतला प्राणवायू त्याला मिळतो आणि त्याचं विष जातं. सोनं होतं तेवढंच राहतं.

"मग सोनं करतं काय?"

"लग्न जुळवतं मम्मी. दोघांना समोर बसवायचं, जुळलं की आपण बाजूला."

"आणि जेवायलाही थांबत नाही?"

ती इतकी हसली की मांडीवरचे वाटाणे खोलीभर झाले. माझं मलाच नवल वाटलं.

हसू ओसरल्यावर ती म्हणाली, "पण हे सोनं लवकर थकतं. म्हणून वरून लेप द्यायचा. भिंतीच्या पांढऱ्या रंगात टिटॅनियम असतं ने, त्याचा. वाफेनं, एकावर एक थर, दिसणारही नाही असा."

"भांड्याला कल्हई करतात तसं?"

"हा, तसंच."

सोनं थकतं म्हणजे नेमकं काय होतं, हे मी विचारलं नाही. एका दुपारी इतकं बोलणं मला पुष्कळ झालं होतं. तेव्हा विचारायला हवं होतं.

त्या वर्षी गौरींच्या आदल्या दिवशी आजव्याच्या तलावाकडे फार पाऊस झाला आणि नदी चढू लागली. हेतल संध्याकाळी भिजून आली. लॅब तळमजल्यावर, सगळं सामान वरच्या मजल्यावर हलवलं होतं. ही डबी मात्र ती ओढणीत गुंडाळून घेऊन आली. बारा खणांत बारा पानं, नखाएवढी, मातकट.

"आठ महिन्यांचं काम आहे मम्मी. देवाच्या कपाटात ठेवा ने."

"लेप बसला?"

ती केस पुसत होती, ते पुसणं थांबलं. "तेच तर माहीत नाही. काहींना दिला आहे, काहींना नाही. पुढच्या आठवड्यात भट्टीत घालून बघणार. या वेळी पण नाही टिकलं तर सर म्हणतात, विषय सोड. मुदत संपत आली ने."

दुसऱ्या दिवशी पहाटेच ती आपल्या वह्या काढायला पुन्हा लॅबवर गेली आणि दुपारपर्यंत पूल बंद झाले. ती पलीकडे माहेरी अडकली. मंदार वाघोडियाला कारखान्यात अडकला. त्या वर्षी गौरी मी एकटीनं आणल्या. सोन्याच्या पावलांनी ये असं म्हणायला मागे कुणी नव्हतं, म्हणून हळूच स्वतःशी म्हटलं.

आमच्याकडे गौरीपुढे प्रत्येकाचं काम ठेवायची रीत आहे. हे होते तेव्हा प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपमधला पान्हा ठेवायचे. तो अजून ठेवते. मंदारचं कारखान्याचं ओळखपत्र असतं. मनात आलं, हेतलचं काम तर यंदा घरातच आहे.

डबी काढली आणि हात थबकला. सोनं मातकट होतं. गौरीपुढे असं कसं ठेवायचं? मग तिचंच बोलणं आठवलं, भट्टीत घालणार आहे. म्हणजे धुऊन झालं आहे, फक्त रंगावर आणायचं राहिलं आहे. ते काम तर माझं. मनात शंकेचा एक कण आला नाही, हे मी इथे खरं लिहिते. उलट वाटलं, पोरगी पुरात अडकली आहे, तिचं एक काम तरी हलकं होईल.

दुपारची वेळ होती. वीज गेलेली. मी बाबांची मूस काढली, लग्नात मागून आणलेली. गॅसवर ठेवली, फुंकणीनं ज्योत वळवली. इतक्या वर्षांनी हात आपले आपण चालू लागले. पहिलं पान आत घातलं आणि तोच तो क्षण आला. रंग आतून फिरला. पिवळं झालं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, बाबा शेजारी बसल्यासारखे वाटले. एकेक करून आठ पानं रंगावर आली.

चार आली नाहीत. मूस लाल झाली, तरी ती मातकटच. काढली, निववली, पुन्हा घातली, पहिल्यापेक्षा जास्त वेळ धरली. काही नाही. बाबा असते तर म्हणाले असते, नीट धुतलं नाहीस. मला लाज वाटली. ती चार डबीत परत ठेवली आणि आठ चांदीच्या वाटीत घालून गौरीपुढे मांडली. निरांजनाच्या उजेडात सुंदर दिसत होती.

तेवढ्यात फोन आला. "मम्मी, डबी बराबर आहे ने?"

"गौरीपुढे ठेवली आहे."

ती म्हणाली, "बस. आता मला चिंता नाही."

पाणी उतरल्यावर ती आली तेव्हा गौरींचं विसर्जन झालं होतं. मी पानं डबीत परत ठेवली होती, जशी हाताला आली तशी. कोणतं कुठल्या खणातलं हे मी पाहिलंच नव्हतं. तिनं पायही न धुता झाकण उघडलं आणि होती तिथेच खाली बसली. "ही कोणी तापवली?"

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते.

मंदार म्हणाला, "अगं, दमट हवा होती चार दिवस, त्यानं झालं असेल."

"दमट हवेनं सोनं पिवळं नाही होत, मंदार."

"आई, तू काही केलंस का? सांग ना."

"राहू दे," हेतल म्हणाली. "मम्मींना नको विचारू."

ती ओरडली असती तर मला सोपं गेलं असतं. घरात आम्ही किती माणसं? तिला कळलंच होतं. पण मी सांगेपर्यंत ती विचारणार नव्हती. तिच्या या मोठेपणाखाली मी चार दिवस वावरले. चहा देत होते, ती घेत होती. मम्मी म्हणणं मात्र बंद झालं. हाक न मारता बोलता येतं, हे मला तेव्हा समजलं.

पाचव्या दिवशी तिच्या पुरात भिजलेल्या वह्या आम्ही पंख्याखाली सुकवत होतो. पानं चिकटली होती. मी बाबांचा चिमटा आणला आणि एकेक पान सोडवू लागले. तिचं बारीक अक्षर कुठे राहिलं होतं, कुठे नुसता निळा डाग. मनात आलं, बोललं की पान उडतं म्हणून जन्मभर गप्प बसले. आता तर पानं गेलीच आहेत. आता गप्प बसून काय राखायचं?

"मी तापवली," मी म्हटलं.

तिनं मान वर केली नाही. "माहीत आहे."

"रंगावर आणायला. गौरीपुढे ठेवायची होती. मला वाटलं तेवढंच राहिलं आहे." आणि मग, जी लाज सगळ्यांत टोचत होती, तीही सांगून टाकली. "आठ चांगली झाली. चार मला जमलीच नाहीत. दोनदा घातली, जास्त वेळ धरली, तरी तशीच राहिली."

तिच्या हातातलं पान फाटलं. "ती चार पण तापवली? मी समजले होते, ती राहून गेली."

"दोनदा तापवली."

"किती लाल झाली होती मूस?"

"पिकल्या मिरचीसारखी. नंतर त्याहून उजळ."

"आणि काही टाकलं होतं? सवागी, टाकणखार, काही?"

"काही नाही. नुसती."

ती उठली, डबी घेऊन आली, खिडकीत धरून बघत राहिली. "मम्मी," ती म्हणाली. पाच दिवसांनी तो शब्द मी ऐकला. "लेपवाली किती होती, हे मी तुम्हाला सांगितलं होतं?"

"नाही."

"चारच होती."

मग तिनं मला समजावलं. या सोन्याचं थकणं म्हणजे रंगावर येणंच. ऊब लागली की बारीक भोकं एकमेकांत मिसळतात, थोडी आणि मोठी होतात, भिंती जाड होतात, सोनं उजळतं आणि कामातून जातं. लेप असतो तो एवढ्याचसाठी. भोकांना त्यानं होती तशी धरून ठेवायचं.

त्या आठवड्यात मी लॅबमध्ये गेले. हेतलनं ओढून नेलं नाही. नुसतं म्हणाली, "मी सांगितलं तर ऐकीव होईल." भिंतींवर कमरेएवढी चिखलाची रेघ होती. सर वयानं मंदारएवढेच. मी मूस सोबत नेली होती. खुर्चीच्या टोकावर बसून सगळं सांगितलं, किती वेळ, कुठला लाल, कुठली ज्योत. इतकी सलग मी कधीच बोलले नव्हते. सरांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग गुजरातीत म्हणाले, "मासी, तुमची नजर खोटी नाही. पण गॅसच्या शेगडीला तापमानाचा आकडा नसतो. हे आम्हाला लिहिता येणार नाही." मग हेतलकडे वळून म्हणाले, "पुन्हा सगळं कर. विषय सोडायचा की नाही ते होळीनंतर बघू."

म्हणजे नुकसान व्हायचं ते झालंच. आठ महिने गेले. तो हिवाळा तिनं तिथेच काढला. सकाळी डबा घेऊन जायची, दिवेलागणीला यायची, बोटांना वास, डोळ्यांखाली काळं. मला दोष देणारा एकही शब्द बोलली नाही. मी रोज तिच्या डब्यात काहीतरी जास्तीचं घालत होते. ती ते मुकाट्यानं खाऊन येत होती. आमची समजूत अशी डब्यातून झाली.

एकदा तिनं मला फोनवर दोन फोटो दाखवले. एक न तापवलेल्या सोन्याचा, यंत्रातून मोठा केलेला. बघितल्याबरोबर वड आठवला, पारंब्या पारंब्यांत गुंतून वाट बंद झालेला. दुसरा माझ्या आठांतल्या एका पानाचा. तिथे पारंब्या नव्हत्या. नुसती जाड खोडं आणि मधे मोठमोठ्या मोकळ्या जागा.

बाबांची छाती गेली होती तेजाबाच्या धुरानं. शेवटी पाच पावलं चाललं तरी दम लागायचा. डॉक्टरांनी काळा फोटो खिडकीकडे धरून मला सांगितलं होतं, "छातीत हवेच्या बारीक बारीक पिशव्या असतात, त्या फुटून एकमेकींत मिसळल्या आहेत. आत जागा आहे, पण हवा धरायला भिंती उरल्या नाहीत." तेव्हा मला काही कळलं नव्हतं. कळलं ते हेतलच्या फोनवर बघताना. मी फोन तिला परत दिला आणि भाकरीचं पीठ मळायला गेले. वय वर्षं दहापासून जे उजळताना मला आनंद व्हायचा, ते असं होतं. आणि माझ्या शेजारी बसलेल्या माणसाच्या आत तेच चाललं होतं, रोज थोडं थोडं.

होळी झाली. एका संध्याकाळी ती आली आणि चपला न काढता स्वयंपाकघरापर्यंत आली. असं ती कधी करत नाही. "भट्टीत घातली. आकड्यासकट," ती म्हणाली. "राहिली मम्मी. मातकटच राहिली." मी तिला पाणी दिलं. ती ओट्याला टेकून उभ्या उभ्या रडली आणि मी तिच्या पाठीवर हात ठेवला. पाठीवर हात ठेवायला मला तिच्या लग्नानंतर दोन वर्षं लागली.

तिच्या पीएचडीचं निळ्या पुठ्ठ्याचं पुस्तक आता कपाटात आहे. इंग्रजीत आहे, मला वाचता येत नाही, पण आत काय आहे ते ठाऊक आहे. त्यात आमची शेगडी कुठेच नाही. असूही नये.

दोन दिवसांनी पुढे लिहिते आहे. गौरींच्या तयारीत वही राहून गेली.

काल पूजन झालं. तबक मांडत होते, ठुशी, पान्हा, ओळखपत्र. हेतल कामावरून लवकर आली होती. तिनं पर्समधून एक काचेची बाटली काढली, बोटाएवढी. आत नखाएवढं पान.

"त्या चारांतलं एक," ती म्हणाली. "सर म्हणाले, याचा हिशोब कुठे नाही, घेऊन जा. ठेवणार ने?"

मी बाटली ठुशीशेजारी ठेवली. निरांजन लावलं. ठुशी चमकली. पान चमकलं नाही. माझा हात तिकडे गेला.

"मम्मी," मागून आवाज आला.

"काच पुसते आहे फक्त."

"गॅस बंद आहे ने?"

"बंद आहे, जा. नैवेद्याचं ताट आण."

ती हसत आत गेली. मी पदरानं काच पुसली आणि पान होतं तसं राहू दिलं. बाबांना मनातल्या मनात म्हटलं, लेकरू पुरतं न्हालेलं आहे. सात वेळा धुतलं आहे.